मंडळीचें काम व माझें काम

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत प्रेषित पौल दोन आज्ञा अगदीं जवळजवळ सांगतो. दुसऱ्या वचनांत तो सांगतो कीं, ख्रिस्ती लोकांनीं एकमेकांचीं ओझीं वाहावीं. पांचव्या वचनांत तो सांगतो कीं, ज्यानें त्यानें आपलाच भार वाहिला पाहिजे. शास्त्र वाचणारा साधाभोळा मनुष्य येथें थबकतो. ओझें एकमेकांचें वाहावयाचें, कीं ज्याचें त्यानें वाहावयाचें? तीन वचनांपूर्वीं काय लिहिलें तें पौल विसरला कीं काय?

तो विसरला नाहीं. मूळ ग्रीक भाषेंत या दोन ठिकाणीं दोन निराळे शब्द आहेत. पहिला शब्द 'बारोस'. याचा अर्थ मनुष्यास दडपून टाकणारें वजन. जसें आजारपण, कर्ज, शोक, पापांत पडल्याची लाज. दुसरा शब्द 'फोर्तिओन'. याचा अर्थ वाटसरूनें आपल्या पाठीवर घेतलेलें गांठोडें. पहिलें वजन एकट्याच्यानें उचलवत नाहीं, म्हणून सर्वांनीं हात लावावा. दुसरें गांठोडें ज्याचें त्यानेंच न्यावयाचें असतें. तें दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन कोणी मुक्कामास पोहोंचत नाहीं. आतां आमचें म्हणणें असें कीं, दुसऱ्याचें ओझें उचलण्याचें जें कर्तव्य, तेंच प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याचें स्वतःचें गांठोडें आहे. हें नीट न समजल्यामुळें आमच्या मंडळ्यांत पुष्कळ चांगलें काम होऊनही पुष्कळ नुकसान होत आहे. आणि याच विषयीं आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले, त्या काळीं सेवेचीं बहुतेक सर्व कामें मिशनकडे असत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक इ.स. १८१३ सालीं मुंबईस आले आणि इ.स. १८३१ सालीं अहमदनगरास त्यांनीं काम सुरू केलें. पुढें शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, बोर्डिंग मिशनचें, आणि दुष्काळ पडला तर धान्यही मिशनचें, असें झालें. त्या उपकारांची आठवण आम्हांस नेहमीं राहो. परंतु त्याबरोबर एक संवय जडली. गांवांत कोणी आजारी पडला, कोणाचें घर जळालें, कोणाचें पोर शाळेवांचून राहिलें, तर लोक म्हणत, 'मिशन करील.' पुढें दिवस पालटले. इ.स. १९७० सालीं २९ नोव्हेंबर रोजीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. मंडळ्यांचा कारभार मंडळ्यांच्याच हातीं आला. मिशन गेलें, परंतु ती संवय गेली नाहीं; तिनें फक्त नांव बदललें. आज लोक म्हणतात, 'कमिटी करील.'

हें आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. यांत पहिला दोष आमचाच आहे, आणि तो कसा घडला हें सांगितल्यावांचून पुढें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या मंडळीची पाळकी करीत होतों, तेथें सुगी झाल्यावर 'सेवा-सप्ताह' पाळण्याचें ठरलें. सात जणांची कमिटी नेमली. आजारी, म्हातारे, विधवा यांच्या घरांची यादी आम्हीं स्वतःच्या हातानें लिहिली, आणि दोन तुकड्या करून घरें वांटून दिलीं. ओढ्यापलीकडे, गांवापासून अर्ध्या कोसावर, एका वस्तीवर आमच्या मंडळींतली एक वृद्ध विधवा राहात असे. तिचें नांव यादींत होतें. पहिल्या तुकडीस वाटलें कीं, ओढ्यापलीकडचीं घरें दुसरीकडे आहेत. दुसरीस वाटलें कीं, वाटेवरचें घर पहिलीनें केलें असेल. आठवडा संपला. रविवारच्या उपासनेंत अहवाल वाचला गेला. ४२ घरांस भेटी झाल्या असें त्यांत होतें. आम्हीं देवाचे आभार मानिले आणि मोठ्या आनंदानें अर्पण घेतलें.

त्यानंतर चौथ्या दिवशीं एक धनगर बाई आमच्या दारीं आली. ती आमच्या मंडळीची नव्हे. ती म्हणाली, "बाबा, तुमची म्हातारी पडलीया. मांडी सुजलीया तिची. मी पाणी-भाकर देते, पर तिला दवाखान्यांत न्यायाला माणूस पाहिजे." आम्ही तसेच निघालों. ती वृद्धा अकरा दिवसांपूर्वीं उंबऱ्यांत पाय अडखळून पडली होती. म्हणजे आमचा सेवा-सप्ताह चालूं असतां ती अंथरुणावर होती. आम्हांस पाहून तिनें रागाचा शब्द काढिला नाहीं. ती इतकेंच म्हणाली, "पाळकसाहेब, कमिटी येऊन गेली असं मी ऐकलं. माझ्याकडं मात्र कुणी माणूस आलं नाही."

परत येतांना आम्हीं त्या धनगर बाईस विचारिलें, "बाई, तुम्हांस कसें कळलें?" ती म्हणाली, "सकाळी तिच्या घरातनं धूर निघाला नाही, म्हणून बघाया गेले." आमच्या मंडळींतलीं चार कुटुंबें रोज त्याच वाटेनें शेतावर जात. आम्हीं त्यांस मागाहून विचारिलें. चौघांचेंही उत्तर एकच होतें: "म्हातारीचें नांव यादींत होतें, म्हणून आम्हांस वाटलें कीं कोणी जाईलच." त्यांस आम्ही काय बोलणार? आम्हांसही तसेंच वाटलें होतें. म्हातारीचें नांव कागदावर लिहिलें, तेव्हांच तें आमच्या मनावरून उतरलें होतें. जिला कोणी यादी दिली नव्हती, तिनें धूर पाहिला. ज्यांनीं यादी केली, त्यांनीं पाहिला नाहीं.

ही गोष्ट ऐकून कित्येक बंधु म्हणतील, 'तर मग या कमिट्या, वर्गण्या, अहवाल कशाला? सर्व मोडून टाका. ज्याला देव प्रेरणा करील, तो करील.' असें म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत कांहीं सत्य आहे. परंतु तें पुरतें सत्य नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडून पाहावा. यरुशलेमेंतल्या पहिल्या मंडळींत प्रीति कमी होती असें कोण म्हणेल? लोकांनीं आपलीं शेतें व घरें विकून पैसे आणिले होते. तरी तेथेंच तक्रार उठली कीं, रोजच्या वांटणींत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते. हें कसें घडलें असेल तें खेड्यांत राहणाऱ्यास समजावून सांगणें नको. मनुष्याचा हात सहज आपल्याच भावकीकडे वळतो. जो आपल्या भाषेंत बोलतो, जो आपल्या सोयऱ्यांतला, जो आपल्या आळींतला, त्याचें दुःख लवकर दिसतें. ज्याचें कोणी नाहीं, त्याच्या दाराशीं सर्वांची प्रीति असूनही कोणाचीच प्रीति पोहोंचत नाहीं. तेव्हां प्रेषितांनीं काय केलें? विधवांस 'धीर धरा, कोणास तरी प्रेरणा होईल' असें सांगितलें नाहीं. त्यांनीं सर्व मंडळीस बोलाविलें, चांगल्या नांवाचीं सात माणसें निवडवून घेतलीं, त्यांच्यावर हात ठेविले, आणि तें काम त्यांच्याकडे सोंपविलें. ही कमिटीच होती. आणि ती पवित्र आत्म्यानें भरलेल्या लोकांची होती.

तेव्हां मंडळीची योजना ही कांहीं साहेबलोकांनीं आणलेली नवी टूम नव्हे. एकट्या मनुष्याचा डोळा जेथें जात नाहीं, तेथें पाहावें म्हणून ती आहे. एकट्याची शक्ति संपते, तो थकतो, मरतो, त्याची बदली होते, मंडळी राहते. एकटा देणारा आपल्या आवडीच्यास देतो व नावडत्यास विसरतो; मंडळीचा हिशेब सर्वांसमोर मांडिला जातो. पौलानेंही यहूदियांतील गरिबांसाठीं जमविलेला पैसा एकट्याच्या झोळींत ठेविला नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें त्यानें बरोबर घेतलीं, यासाठीं कीं कोणास बोट ठेवावयास जागा राहूं नये. जो बंधु म्हणतो कीं, मी मंडळींत वर्गणी देत नाहीं, माझें दान गुप्त असतें, त्यानें आपलें मन तपासावें. गुप्त दान चांगलें. परंतु कधीं कधीं तें इतकें गुप्त असतें कीं घेणाऱ्यासही सांपडत नाहीं!

असें असतां मग आमची म्हातारी अकरा दिवस कां पडून राहिली? येथें मुख्य प्रश्न येतो. कर्तव्य पुष्कळांचें मिळून असलें, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास तें थोडथोडें येतें काय?

समजा, गांवच्या विहिरीवर दहा माणसें उभीं आहेत आणि एक पोर आंत पडलें. दहाही जणांस पोहतां येतें. कोणीच उडी घेतली नाहीं व पोर बुडालें. आतां त्या दहांपैकीं प्रत्येकाच्या माथीं दोषाचा दहावा हिस्सा आहे काय? एखादा असें म्हणेल काय कीं, माझ्यामुळें त्या पोराचा दहावा भाग मेला? असें बोलणारास आपण वेडा म्हणूं. तेथें एकटा मनुष्य असता, तर त्याच्यावर जितकी जबाबदारी आली असती, तितकीच दहांमधल्या प्रत्येकावर आहे. पैसा वांटला तर कमी होतो, धान्य वांटलें तर कमी होतें. परंतु जबाबदारी वांटून कमी होत नाहीं. काम वांटतां येतें, जबाबदारी वांटतां येत नाहीं. या दोहोंतला भेद न ओळखल्यानें सगळा घोटाळा होतो.

शेतकरी वाचकांस हें दुसऱ्या रीतीनेंही समजेल. सोसायटीचें कर्ज काढितांना दोन जामीन लागतात. जामीन राहणारा मनांत म्हणतो, 'आम्ही दोघे आहों, माझ्यावर निम्मेंच येईल.' परंतु कर्जदारानें पैसे भरले नाहींत आणि दुसरा जामीनही हात वर करून मोकळा झाला, म्हणजे सोसायटी पहिल्याच्या दारीं येऊन सगळी रक्कम मागते. तेथें 'निम्मी' हा शब्द चालत नाहीं. शेजाऱ्याविषयीं देवाच्या दरबारांत आपण सर्व असेच जामीन आहों. दुसऱ्यानें आपला भाग केला तर आनंद आहे. न केला तर मागणी माझ्याकडे येईल. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांतला न्यायाचा दिवस आठवावा. भुकेल्यास अन्न दिलें काय, आजाऱ्यास भेटलां काय, असा तो हिशेब आहे. त्या दिवशीं मंडळीचा अहवाल कोणी वाचणार नाहीं. ४२ घरांस भेटी झाल्या हें सांगून आमचें काम भागणार नाहीं. कारण आमच्याकडे त्रेचाळिसाव्या घराची चौकशी होईल.

आतां चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत घ्या. तो आम्हीं पुष्कळदां सांगितला आहे, परंतु त्याचा शेवट आम्ही घाईनें वाचितों. शोमरोनी मनुष्य घायाळ पडलेल्यास पाहून थांबला, स्वतःच्या हातानें त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आणि त्याला आपल्या जनावरावर बसवून आपण पायीं चालला. येथपर्यंत सर्व काम एकट्याचें आहे. परंतु पुढें तो त्याला उतारशाळेंत नेतो. रात्रभर त्याची शुश्रूषा करितो. दुसऱ्या दिवशीं उतारशाळेच्या रक्षकास दोन नाणीं देतो, आणि अधिक खर्च झाला तर परत येतांना देईन असें वचन देऊन जातो. शोमरोन्यानें उतारशाळेचा तिरस्कार केला नाहीं. तो व्यापारी-उदमी असेल, त्याला पुढें जाणें भाग असेल. जखमी मनुष्याला तर पुष्कळ दिवस विसांवा पाहिजे होता. म्हणून उतारशाळेची गरज होती. परंतु दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक ही कीं, उतारशाळा कधीं चालून रस्त्यावर येत नाहीं. घायाळास तेथवर नेणारा एक मनुष्य लागतो. दुसरी ही कीं, पैसे देऊन शोमरोनी मोकळा झाला नाहीं. मी परत येईन असें तो म्हणाला. आमचे दवाखाने, बोर्डिंगें, विधवा-फंड, कमिट्या ह्या सर्व उतारशाळा आहेत. त्या असाव्या, त्यांस पैसे द्यावे. परंतु ज्यानें मनुष्य तेथें पोहोंचविला नाहीं आणि जो परत पाहावयास गेला नाहीं, त्यानें केवळ वर्गणी देऊन शोमरोन्याचें नांव घेऊं नये.

ह्या दोन्ही गोष्टी एका ठिकाणीं कशा येतात, याचें उदाहरण आमच्याच महाराष्ट्रांत घडलेलें आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या व तेथें त्यांनीं विधवांच्या शिक्षणासाठीं साहाय्य मागितलें, तेव्हां इ.स. १८८७ सालीं बॉस्टन शहरीं त्यांच्या कामासाठीं एक मंडळ स्थापन झालें व त्यानें दहा वर्षें मदत करण्याचें पतकरलें. अनेकांनीं थोडें थोडें दिलें, त्यांतून इ.स. १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडलें. ही मिळून केलेल्या कामाची शक्ति होय. त्या मंडळावांचून रमाबाईंचे हात रिकामे राहिले असते. परंतु पुढें इ.स. १८९६-९७ सालचा दुष्काळ पडला. शारदा सदन होतें उच्च वर्णांतील विधवांसाठीं. दुष्काळांत रस्त्यावर पडलेल्या हरएक जातीच्या मुलींसाठीं ती योजना केलेली नव्हती. कागद पाहून चालावयाचें असतें, तर रमाबाई म्हणाल्या असत्या कीं, हें आमचें काम नव्हे. परंतु त्यांचीं स्वतःचीं आईबापें दुष्काळाच्या दिवसांत अन्नावांचून गेलीं होतीं. त्या स्वतः मध्य प्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० मुलींस त्यांनीं वांचवून आणिलें. केडगांवास घेतलेल्या जमिनीवर त्या मुलींस आसरा मिळाला व मुक्ति-सदनाचें काम वाढलें. योजनेच्या आंत जें बसत नव्हतें, तें एका मनुष्याच्या अंतःकरणांत बसलें. आणि मग त्या अंतःकरणाच्या मापानें योजना मोठी झाली. देवाच्या राज्यांत हाच क्रम पुष्कळदां दिसतो.

आमचे कित्येक वाचक म्हणतील, 'रमाबाई पंडिता होत्या. आम्ही शेतमजूर. आम्हांस अक्षरओळख बेताची, घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ. हें काम पाळकाचें व उपदेशकाचें. त्यांना त्यासाठींच नेमिलें आहे.' या म्हणण्यास उत्तर देण्यासाठीं आम्ही तेलुगु देशांतील खेड्यांकडे बोट दाखवितों. व्ही. एस. अझरिया हे इ.स. १९१२ सालीं दोर्नाकलचे बिशप झाले; अँग्लिकन मंडळीचे ते पहिले हिंदी बिशप. त्यांच्या प्रांतांत हजारों लोक ख्रिस्ती झाले, आणि त्यांतले बहुतेक माला व मादिगा जातींचे, निरक्षर, दुसऱ्याच्या शेतांत राबणारे होते. अझरियांची रीत अशी होती कीं, बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाकडून, डोक्यावर हात ठेवून, मी सुवार्ता न सांगेन तर माझी दुर्दशा होवो, अशा अर्थाची कबुली घेत. ही पौलाची कबुली होय. परंतु तेथें ती पंडितांच्या तोंडीं नव्हती, मजुरांच्या तोंडीं होती. गांवच्या गांव जरी एकदम ख्रिस्ती झालें, तरी हात गांवाच्या डोक्यावर ठेवितां येत नाहीं. तो ज्यानें त्यानें आपल्याच डोक्यावर ठेवावा लागतो.

आणि गरिबीविषयीं म्हणाल, तर मिझोरामच्या डोंगरांतील बायांचें पाहा. तेथील मंडळ्यांत इ.स. १९१० च्या सुमारास एक चाल सुरू झाली, व ती आजही चालूं आहे. घरोघर बायका स्वयंपाकास तांदूळ घेतात, तेव्हां एक मूठ प्रभूसाठीं बाजूस काढून ठेवितात. तो तांदूळ मंडळी गोळा करिते, विकिते, आणि त्यांतून देवाच्या कामाचा मोठा खर्च चालतो. यांत एकट्याचें काम कोणतें व मंडळीचें कोणतें, तें सांगा पाहूं! मूठ एकीची आहे. चुलीपाशीं तिला पाहावयास कोणी कमिटी बसलेली नसते. तिची इच्छा नसेल तर हात रिकामा राहील. आणि ती मूठ तिच्याच घरीं राहिली, तर एका पाहुण्याचें पोट भरेल इतकीच. मंडळीनें गोळा केली म्हणजे तिच्यांतून उपदेशकांचीं घरें चालतात. मंडळी मूठ भरूं शकत नाहीं, ती मूठ जमवूं शकते. आणि बाई एकटी गाडाभर देऊं शकत नाहीं, ती मूठभर देऊं शकते. दोघींनीं आपापलें केलें म्हणजे झालें.

ही रीत आपल्या लोकांस परकी नाहीं. इर्जिक म्हणजे काय हें जुन्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. एखाद्याचें शेत नांगरावयाचें राहिलें, तर गांवचे लोक एक दिवस ठरवून जमतात, आणि दिवसभरांत रान काळें करून टाकितात. शेतधनी सर्वांस जेवूं घालितो. इर्जिक ही सर्वांची मिळून आहे. परंतु इर्जिकींत नांव देऊन कोणी घरीं बसत नाहीं. प्रत्येकास आपली बैलजोडी घेऊन यावें लागतें. वीस जण 'आम्ही इर्जिकींत आहों' म्हणाले आणि कोणाचेच बैल आले नाहींत, तर त्या शेतांत एक तास तरी पडेल काय?

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचतांना कित्येक जण कंटाळतात, कारण त्यांत नांवांमागून नांवें आहेत. परंतु खेड्यांतील मंडळीस तो अध्याय सोन्यासारखा आहे. यरुशलेमेचा पडलेला कोट बांधावयाचा होता. बेत एकाचा, देखरेख एकाची, कोट सर्वांचा. तरी काम कसें वांटलें? पुष्कळांविषयीं तेथें लिहिलें आहे कीं, त्यांनीं आपापल्या घरासमोरचा भाग बांधिला. ज्याला आपल्या दारासमोरचें खिंडार रोज दिसतें, तोच तें मन लावून बुजवितो. याजकांनीं बांधिलें, सोनारांनीं बांधिलें, व्यापाऱ्यांनीं बांधिलें. एका मनुष्याबरोबर त्याच्या मुलींनींही बांधिलें. तकोवा गांवच्या थोर लोकांनीं मात्र कामास खांदा दिला नाहीं, आणि तेंही त्या यादींत लिहून ठेविलें आहे. ५२ दिवसांत कोट पुरा झाला. ह्या यादींत आणि आमच्या त्या यादींत भेद हा कीं, आमची यादी काम करावयाच्या आधीं लिहिली व त्यावरच आम्ही संतुष्ट झालों; नहेम्याची यादी काम झाल्यावर लिहिली.

तर मग मंडळीनें काय करावें आणि प्रत्येकानें काय करावें, याविषयीं कांहीं सूचना करून हा लेख पुरा करितों.

पहिली. मंडळीच्या पंचांनीं कोणतेंही सेवेचें काम ठरवितांना 'कमिटीनें करावें' असें लिहून थांबूं नये. कोणत्या घरीं कोण जाणार, तें एका मनुष्याचें नांव घेऊन ठरवावें, आणि तो मनुष्य शक्य तर त्याच घराचा शेजारी असावा. पुढच्या सभेंत 'किती घरें झालीं' असें विचारण्यापूर्वीं 'कोणतें घर राहिलें' असें विचारावें.

दुसरी. उपदेशक बंधूंनीं सर्व काम आपल्याच अंगावर घेऊं नये. आम्ही मनुष्यांस असें शिकविलें आहे कीं, आजाऱ्यासाठीं प्रार्थना करणें म्हणजे पाळकानें प्रार्थना करणें. हें शिक्षण आमचेंच आहे, आणि तें आम्हींच मोडिलें पाहिजे. आजाऱ्याकडे जातांना एका शेतकरी बंधूस बरोबर न्यावें. पुढच्या वेळीं त्याला एकट्यास पाठवावें. त्याची प्रार्थना अडखळली तरी चालेल.

तिसरी. ज्यानें वर्गणी दिली, त्यानें पायही द्यावे. महिन्यांतून एकदां तरी, आपल्या पैशानें ज्याचें साहाय्य होतें, त्याच्या दाराशीं जाऊन बसावें. आणि जो म्हणतो, मी पायांनीं सेवा करितों, मला वर्गणी नको, त्यानें दूरच्या गरिबाची आठवण ठेवावी. तेथें त्याचे पाय पोहोंचत नाहींत, त्याचा पैसा पोहोंचतो. करिंथ येथील मंडळीस पौलानें असेंच शिकविलें होतें: आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या घरीं काढून ठेवावें, आणि मग तें मंडळीच्या हातून एकत्र जावें.

चौथी. जो सेवा एकट्यानें करितो, त्यानें मंडळीस कळवावें. दिखाऊपणासाठीं नव्हे, तर तो आजारी पडला किंवा परगांवीं गेला तर ती सेवा बंद पडूं नये म्हणून. आपणच एकटे चांगले आहों, असें वाटणें हा त्याचा मोठा मोह आहे. त्या मोहापासून मंडळीच त्याला राखील.

पांचवी, आणि सर्वांत सोपी. सकाळीं शेतावर जातांना वाटेवरच्या घरांकडे पाहावें. कोणाच्या घरांतून धूर निघाला नाहीं, कोणाचें दार उघडलें नाहीं, कोणाची शेळी अजून दावणीस बांधलेली आहे, हें पाहावयास कमिटीचा ठराव लागत नाहीं. तेथें दोन पावलें वळून हांक मारावी.

ती वृद्धा पुढें काठीच्या आधारानें चालूं लागली, परंतु पूर्वींसारखी उपासनेस येणें तिला जमेना. तेव्हांपासून त्या चार कुटुंबांनीं आपसांत ठरवून, पाळीपाळीनें, तिला बैलगाडींत बसवून आणण्याचें काम केलें. त्यांस कोणी नेमिलें नव्हतें. तिच्या शेवटच्या आजारांत त्यांच्या बायका रात्रीं तिच्यापाशीं राहात, आणि ती धनगर बाईही येऊन बसे. औषधाचा खर्च मंडळीच्या विधवा-फंडांतून झाला, तो कोणाही एकट्याच्यानें झाला नसता. तिला पुरलें त्या दिवशीं आमच्या वहींत पूर्वींची ती यादी आम्हांस सांपडली. तिच्या नांवापुढें 'भेट झाली' अशी खूण केलेली होती. ती खूण आम्हीं पुसली नाहीं. ती वही अजून आमच्यापाशीं आहे, आणि मंडळीचा कोणताही नवा कार्यक्रम ठरविण्यापूर्वीं आम्ही ती उघडून पाहतों.

काइनानें देवास उलट विचारिलें होतें कीं, माझ्या भावाचा राखणदार मी आहें काय? आज इतक्या उघड शब्दांत असें कोणी विचारीत नाहीं. आम्ही अधिक सभ्य रीतीनें म्हणतों, 'त्यासाठीं मंडळीनें व्यवस्था केली आहे.' परमेश्वर आमच्या मंडळ्यांस चांगली व्यवस्था देवो. आणि त्या व्यवस्थेच्या आड लपण्यापासून आम्हां प्रत्येकास राखो. आमेन.